बांधावरची हरळी



यंदाच्या व्याख्यानासाठी वनौषधींवर बोला, असं संयोजकांनी सुचवलं आणि मी हरळी हा विषय कळवला. वनौषधी म्हटलं की आपलं मन सह्याद्रीत जातं, हिमालयात जातं. दाट झाडी, धुकं आणि नाव न ऐकलेली एखादी वेल असं काही डोळ्यांपुढे येतं. सोलापूर जिल्ह्यात तसलं जंगल नाही. आपल्याकडे काळी जमीन आहे, मुरमाड माळ आहे आणि शेताशेताला बांध आहेत. त्या बांधावर बारा महिने जिवंत राहणारं, कुणी न लावलेलं आणि घराघरात औषध म्हणून ठाऊक असलेलं गवत म्हणजे हरळी. देवघरात शिरली की आपण तिला दूर्वा म्हणतो. सोलापूर शहरातल्या तेलुगू आणि कानडी घरांत हीच वनस्पती गरिका, गरिके या नावांनी ओळखली जाते. विनायक चविती असो की गणेश चतुर्थी, तिच्यावाचून त्या घरांतली पूजाही पुरी होत नाही.

या गवतावर बोलावंसं वाटलं त्याचं कारण आधीच सांगतो. आपण याच बांधावरून देवासाठी दूर्वा खुडतो, नाकातून रक्त आलं की याच बांधाकडे धावतो आणि याच बांधावर पाठीवरच्या पंपानं तणनाशक मारतो. हे तिन्ही एकत्र चालू शकत नाही, हे मला आज मांडायचं आहे.

आधी या गवताची ओळख करून घेऊ. वनस्पतिशास्त्रज्ञ लिनिअसनं 1753 मध्ये त्याची नोंद पॅनिकम डॅक्टिलॉन अशी केली. पुढे 1805 मध्ये परसून यानं त्याला आज चालणारं सायनोडॉन डॅक्टिलॉन हे नाव दिलं. डॅक्टिलॉन म्हणजे बोट. हरळीचा तुरा नीट पाहिला तर एका ठिकाणाहून फुटलेल्या तीनपासून सहापर्यंत बारीक काड्या दिसतात, उघडलेल्या हाताच्या बोटांसारख्या. जगभर हिला बर्म्युडा ग्रास म्हणतात आणि उष्ण देशांतली कितीतरी मैदानं हिच्याच जातीनं हिरवी केलेली असतात. पण तुरा आणि पान हा हरळीचा वरवरचा भाग झाला. तिचा खरा जीव दोन ठिकाणी असतो. एक, जमिनीवरून सरपटणारे धागे, जे पेरापेराला मुळं सोडत जातात. दुसरं, जमिनीखाली आडव्या-तिरप्या वाढणाऱ्या जाड, पांढुरक्या, टोकदार काशा. या काशांत अन्न साठवलेलं असतं. उन्हाळ्यात वरचं गवत करपून जातं, गुरं उरलेलं खरवडून खातात, जमीन तापून भेगाळते, तरी काशा खाली थांबून असतात. वळवाची एक सर आली की चार दिवसांत हिरवी टोकं वर येतात. काशीचा बोटभर तुकडा, त्यावर एक डोळा, एवढंसुद्धा नवं झाड व्हायला पुरतं. यजुर्वेदातला दूर्वेचा मंत्र तिच्या नेमक्या याच गुणाचं वर्णन करतो. पेरापेरातून, कांड्याकांड्यातून ती उगवत जाते, तसा आमचा विस्तार होवो, अशी त्यात प्रार्थना आहे. हे पाहणारा माणूस जमिनीजवळ बसून पाहणारा होता यात मला शंका नाही.

आपल्या भागातल्या शेतकऱ्यानंही ते पाहिलं, पण त्याला त्यात प्रार्थना दिसली नाही. भारी काळ्या जमिनीत हरळी आणि कुंदा या दोन तणांची नावं निघाली की जुन्या माणसांच्या कपाळाला आठी पडायची. आपलं पीक रब्बीचं, मुख्यतः ज्वारीचं. पावसाळाभर रान मोकळं ठेवायचं, कुळवाच्या पाळ्या घालत राहायचं, पाऊस जमिनीत मुरवायचा आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरायचं. पुढे ज्वारी उभी राहायची ती जमिनीत साठलेल्या ओलीवर. म्हणजे पाण्याचा एकेक थेंब हिशोबाचा. अशा रानात हरळी शिरली की ज्वारीच्या वाट्याची ओल ती ओढून घ्यायची. कुळवानं वरची पानं कापली जात, काशा तशाच राहत, उलट त्यांचे तुकडे होऊन रानभर पसरत. लाकडी नांगर वरची माती हलवायचा. खोलवरच्या काशा उलथून वर आणायला लोखंडी नांगर लागायचा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लक्ष्मणराव किर्लोस्करांनी तो बनवला, तेव्हा लोखंडानं जमीन नासेल अशी भीती लोकांना वाटली होती, ही गोष्ट आपल्याकडे अनेकांनी ऐकलेली असेल. जिथं नांगर चालत नसे तिथं ऐन उन्हाळ्यात कुदळीनं हरळी खणून काढत. काशा वेचायच्या, ढीग करायचे, वाळवायचे, जाळायचे. उन्हाळ्यातलं हे काम किती जीवघेणं असतं ते सोलापूरच्या माणसाला सांगायला नको.

हे सगळं सांगायचं कारण असं, की हरळीच्या औषधी गुणांबद्दल गोड बोलणारे पुष्कळ लेख निघतात आणि शेतकऱ्याचं तिच्याशी असलेलं हाडवैर त्यात कुठेच नसतं. मला ते अर्धवट वाटतं. ज्यानं बापजाद्यांपासून तिच्या काशा उपसल्या त्याला 'दूर्वा पवित्र आहे' एवढं सांगून भागत नाही.

आता औषधाकडे येतो. घरगुती वापर पाहिले तर त्यांच्यात एक समान धागा दिसतो. नाकाचा घोळणा फुटला तर दूर्वांचा रस. उन्हाळी लागली, लघवीला जळजळ होऊ लागली तर रस खडीसाखर घालून. उन्हानं डोकं चढलं तर वाटलेल्या दूर्वांचा लेप कपाळावर. खुरप्याचा किंवा विळ्याचा घाव लागला तर गवत चुरडून किंवा चावून जखमेवर दाबायचं. अंगाला खाज सुटली तर दूर्वा आणि हळद एकत्र वाटून लावायची. हा शेवटचा लेप जुन्या ग्रंथांतही खरूज आणि खाजेसाठी सांगितलेला आहे. बायकांच्या अति रक्तस्रावातही दूर्वांचा रस देत. हे सगळं एकाच कल्पनेभोवती फिरतं. शरीरात दाह वाढला, रक्त खवळलं, वाट सोडून वाहू लागलं, तर त्याला थंड करा आणि थांबवा. वैद्यकाच्या भाषेत रक्तपित्त आणि दाह. वर्षातले तीन-चार महिने जिथं पारा चाळिशीच्या आसपास आणि त्याच्या वर असतो, त्या गावात हे गवत औषध म्हणून का रुजलं हे वेगळं समजावून सांगण्याची गरज नाही.

अनलासुराची कथा याच तर्कानं रचलेली आहे. अग्नी होऊन जग जाळणाऱ्या राक्षसाला गणपतीनं गिळलं आणि त्याच्या पोटात आग पडली. कुणी त्याच्या कपाळी चंद्र ठेवला, कुणी कमळ दिलं, शिवानं नाग बांधला, वरुणानं पाणी ओतलं, तरी दाह शमेना. मग अठ्ठ्याऐंशी हजार ऋषींनी प्रत्येकी एकवीस दूर्वा वाहिल्या आणि देव शांत झाला. पुराणकारानं दाहावरच्या थंड उपचारांची एक यादीच दिली आहे आणि तिच्या शेवटी, सगळ्यांत वर, बांधावरचं गवत ठेवलं आहे.

चरकसंहितेत दूर्वा अनेक ठिकाणी भेटते. कांती सुधारणाऱ्या द्रव्यांच्या गटात तिचे पांढरा आणि काळसर असे दोन्ही प्रकार येतात, असं टीकाकार सांगतात. गर्भ टिकवणाऱ्या द्रव्यांच्या गटातही शतवीर्या आणि सहस्रवीर्या या नावांनी ती आहे. अनवलोभन नावाच्या संस्कारात गर्भवतीच्या उजव्या नाकपुडीत दूर्वांचा रस पिळतात. भाद्रपद शुद्ध अष्टमीला बायका दूर्वाष्टमीचं व्रत करतात तेही वंशवृद्धीसाठी. धर्म आणि वैद्यक इथं इतके एकमेकांत मिसळले आहेत की कुणी कुणाकडून घेतलं हे ठरवत बसण्यात मला रस नाही. दूर्वेची भावंडं म्हणजे दर्भ, कुश, काश ही गवतंही लघवी साफ करणाऱ्या औषधांत आहेत. हरळीचं काम त्यांच्याशी नातं सांगतं, पण तिचा भर रक्तावर जास्त आहे.

चरकसंहितेतल्याच चिकित्सास्थानाच्या चौथ्या अध्यायात रक्तपित्ताचा विचार आहे. नाकातून रक्त वाहत असताना नाकात कुठले रस घालावेत हे तिथं सांगितलं आहे, आणि ती यादी मी प्रथम नीट वाचली तेव्हा थबकलो. द्राक्षाचा रस. उसाचा रस. दूध. दूर्वांचा रस. यवासाचं मूळ. कांदा. डाळिंबाच्या फुलांचा रस. आता आपला जिल्हा डोळ्यांपुढे आणा. नान्नजच्या काळे कुटुंबानं शोधलेली सोनाका द्राक्षं इथली. उजनी धरण 1980 मध्ये पुरं झालं आणि कालव्यांबरोबर ऊस पसरला. सोलापूरचा कांद्याचा बाजार साऱ्या राज्याला माहीत आहे. सांगोला-पंढरपूरकडची डाळिंबं जगात जातात, 'सोलापूर डाळिंब' या नावाला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आणि डाळिंबाचं राष्ट्रीय संशोधन केंद्र इथं केगावला आहे. दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका वैद्यकीय श्लोकातली जवळजवळ प्रत्येक गोष्ट आज सोलापूरच्या शेतात उभी आहे. त्यातल्या द्राक्षाला, उसाला, कांद्याला, डाळिंबाला आपण पाणी देतो, खत देतो, कर्ज काढून जपतो. फुकट मिळते ती एकटी हरळी. आणि मुद्दाम विष घालून मारली जाते तीही एकटी हरळीच. डाळिंबावरही औषधं फवारली जातात हे मला ठाऊक आहे, पण ती डाळिंब वाचावं म्हणून.

त्याच ठिकाणी चरकानं एक इशारा दिला आहे, तोही सांगितला पाहिजे. दूषित रक्त वाहून जाण्याआधीच नाकात असले रस पिळून ते अडवलं तर वाईट पडसं आणि डोक्याचे विकार होतात, असं तो म्हणतो. अंगात बळ असलेल्या रोग्याचं रक्त लागलीच अडवू नका, हेही सांगतो. म्हणजे घोळणा फुटला की घाल नाकात दूर्वा, असा हा सरळ मामला ग्रंथकाराच्याही मनात नव्हता. आजचा डॉक्टर सांगेल की मुलाला बसवा, मान किंचित पुढे झुकवा, नाकाचा मऊ भाग चिमटीत दहा मिनिटं दाबून धरा, तोंडानं श्वास घेऊ द्या. हे आधी करावं. आणि पन्नाशीच्या माणसाचा घोळणा वारंवार फुटत असेल तर गवत शोधण्यापूर्वी रक्तदाब मोजावा. बांधावरच्या कच्च्या गवताचा रस लहान मुलाच्या नाकात घालणं मला आज धोक्याचं वाटतं. त्याचं कारण पुढे येईल.

हल्ली फोनवर फिरणाऱ्या संदेशांत दूर्वांचा रस मधुमेहापासून कर्करोगापर्यंत सगळ्यांवर चालतो. प्रयोगशाळांत उंदरांना दूर्वांचा अर्क देऊन रक्तातली साखर आणि जखमा भरण्याचा वेग तपासला गेला आहे आणि काही निष्कर्ष उत्साह वाटावा असे आहेत. पण उंदराची साखर उतरली म्हणून सोलापुरातल्या आजोबांनी आपली गोळी बंद करावी असं त्यातून निघत नाही. परंपरेनं या गवताकडे दाह आणि रक्तस्राव एवढंच काम सोपवलं होतं. त्या कामापुरता तिचा मान ठेवावा. सगळ्या रोगांवरचं औषध करून टाकलं की तिचा अपमान होतो असं माझं मत आहे. आणखी एक गोष्ट वैद्य मंडळींनी लक्षात घ्यावी अशी आहे. हरळीचे परागकण हे दम्याचं आणि ॲलर्जीच्या सर्दीचं एक मोठं, जगभर ओळखलं गेलेलं कारण आहे. ज्याला हा त्रास आहे त्यानं तुरा आलेलं गवत घरात आणू नये.

आता त्या बांधावर परत जाऊ.

कुदळीनं काशा खणणारे हात आज मिळत नाहीत, मिळाले तर परवडत नाहीत. शेतकऱ्यानं तणनाशकाकडे वळावं यात मला नवल वाटत नाही, आणि त्याला दोष देण्याचा अधिकार सावलीत बसून बोलणाऱ्या कुणाला नाही. हरळीवर जे सगळ्यांत जास्त वापरलं जातं ते ग्लायफोसेट. त्याची कामाची पद्धत समजून घ्या. पानावर पडल्यावर ते आत शोषलं जातं आणि ज्या वाटेनं हरळी आपलं अन्न खाली काशांकडे पाठवते त्याच वाटेनं ते खाली जातं. वनस्पतीला जी अमिनो आम्लं स्वतः तयार करावी लागतात त्यांतल्या काहींची निर्मिती ते थांबवतं आणि झाड उपाशी मरतं. म्हणजे तिच्या ज्या गुणानं शेतकऱ्याला पिढ्यान्‌पिढ्या हरवलं, तोच गुण आता तिला मारायला वापरला जातो. यात वेळ जातो. फवारल्यानंतर हरळी कित्येक दिवस हिरवीगार दिसते. पिवळी पडायला आठवडा जातो, कधी त्याहून जास्त.

आपल्या घरांनी सगळ्यांत जपायला हवं ते या हिरव्या दिसणाऱ्या आठवड्यापासून. भाद्रपदाच्या आधी बांध फवारलेला असतो. चतुर्थीच्या आदल्या दिवशी पहाटे कुणीतरी त्याच बांधावरून तीन पानांच्या कोवळ्या दूर्वा खुडतं, जुड्या बांधतं आणि बाजारात आणून विकतं. दिसायला त्या ताज्या, लुसलुशीत. विकणाऱ्या बाईला बिचारीला काही माहीत नसतं, घेणाऱ्यालाही नसतं. देवाला वाहिल्या तोवर ठीक. पण त्यातल्याच चार दूर्वा वाटून कुणी नातवाला रस देतं, कुणी तीर्थात टाकतं. शहरात फवारणी नसली तरी गत बरी नाही, कारण गटाराच्या कडेला, रस्त्याच्या दुभाजकाला, सांडपाणी मुरतं तिथं हरळी सगळ्यांत जोमानं वाढते. हरळी माणसामागोमाग जाणारं गवत आहे. नान्नजच्या माळढोक अभयारण्यातल्या माळावर कुसळीसारखी गवतं दिसतात. जिथं माणूस, गुरं आणि पाणी एकत्र आलं तिथं मात्र हरळी येते. म्हणून माणसाची घाणही तिच्याच वाट्याला येते.

2022 च्या ऑक्टोबरमध्ये केंद्र सरकारनं अधिसूचना काढून ग्लायफोसेटचा वापर कीडनियंत्रणाचा व्यवसाय करणाऱ्यांपुरता मर्यादित केला. म्हणजे त्या अधिसूचनेप्रमाणे शेतकऱ्यानं स्वतः पंप पाठीला लावून ते मारणं नियमात बसत नाही. तरी गावात फिरणाऱ्या कुणालाही विचारा, बांध कसे पिवळे पडतात ते तो सांगेल.

बांध पिवळे पडण्याचा आणखी एक तोटा आहे आणि तो शेतकऱ्याचा आहे. सोलापूरला 1933 मध्ये कोरडवाहू शेतीचं संशोधन केंद्र सुरू झालं. पडलेल्या पावसातलं किती पाणी उतारावरून वाहून जातं आणि आपल्याबरोबर किती माती नेतं याची देशातली अगदी सुरुवातीची मोजमापं याच केंद्रात झाली. त्यातून समपातळीचे बांध आले. पुढच्या दशकांत जिल्ह्यात बांधबंदिस्तीची कामं झाली, दुष्काळांत पुन्हा पुन्हा झाली. ते बांध मातीचे. पहिल्या जोराच्या पावसात मातीचा बांध फुटू नये यासाठी त्याला काहीतरी धरून ठेवावं लागतं आणि आपल्याकडे हे काम फुकट करणारी वनस्पती हरळी आहे. पेरापेराला रुजणारे तिचे धागे आणि खालची काशांची जाळी बांध शिवून ठेवतात. तीच हरळी रानात शिरली तर पीक खाते आणि बांधावर राहिली तर रान वाचवते. जुन्या शेतकऱ्यांना हे कळत होतं. ते रानातली हरळी खणत, बांधावरची गुरांना चारत. बांधाला लागून एक चर कुदळीनं खोल मारून ठेवत, म्हणजे काशा आत सरकत नसत. हरळीला सावली सोसत नाही हेही त्यांना ठाऊक होतं. दाट पेरलेल्या पिकाखाली ती आपोआप मागे हटते. बांधावर हरळी राहू द्या आणि तिला आत येऊ देऊ नका, एवढं त्या शहाणपणाचं सार होतं. तणनाशकानं काम सोपं केलं आणि त्यात बांध आणि रान हा फरकच पुसला गेला.

तेव्हा काय करता येईल? इथं या शहरात शेठ गोविंदजी रावजी आयुर्वेद महाविद्यालय आहे, सखाराम नेमचंद जैन यांच्या नावानं उभ्या राहिलेल्या आयुर्वेदाच्या संस्था आहेत. अशा संस्थांनी स्वतःच्या आवारात, स्वच्छ पाण्यावर, फवारणीविना दूर्वांचा एक वाफा ठेवावा, आणि विद्यार्थ्यांना तो कसा राखायचा ते शिकवावं, असं मला मनापासून वाटतं. गणेशोत्सव मंडळांनी जवळच्या एखाद्या शेतकऱ्याशी बोलून ठेवावं. वर्षाकाठी थोडे पैसे द्यावेत आणि त्याच्या एका बांधावर आषाढापासून काही फवारू नये अशी अट घालावी. त्या शेतकऱ्याला बांधाचं गवत पहिल्यांदाच पैसे देईल. बाजारात दूर्वा घेणाऱ्यांनी विकणाऱ्या मावशींना एवढंच विचारावं, की कुठून आणल्या? हा प्रश्न दरवर्षी हजार माणसांनी विचारला तर उत्तरं बदलतील.

आणि घरात हवी असेल तर गच्चीवरच्या एका पसरट कुंडीत लावा. काशीचा बोटभर तुकडा पुरे. दिवसभर ऊन मिळेल अशी जागा द्या, सावलीत ती लांबट आणि फिकी होऊन मरते. पाणी बेताचं द्या. पंधरा दिवसांनी एकदा कात्रीनं वरून छाटत राहा, म्हणजे तुरा येणार नाही आणि पूजेला लागतात तशी तीन पानांची कोवळी टोकं सतत मिळत राहतील. कुंडी अंगणात ठेवणार असाल तर मात्र ती थेट मातीवर टेकवू नका, खाली वीट ठेवा, कारण तळाच्या भोकातून काशा बाहेर पडतात आणि एकदा अंगणाच्या मातीत गेल्या की तिथून काढायला कुदळच लागते.